एस्टिलची जीप उंच केली, त्याची गोष्ट

व्हर्डीचा थोरला मुलगा, रॉन्डल, तसा वाईट नव्हता, पण त्याला एक घाणेरडी खोड होती. घरात विचारायची गोष्ट तो चारचौघांत जाहीर करून मोकळा व्हायचा, म्हणजे मग नाही म्हणणाऱ्याचंच तोंड वाईट दिसावं. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर सूचना सांगायला तो उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला की यंदा कबरी सजवायचा रविवार, दर वर्षी कबरस्तानात फुलं वाहून तिथेच जेवायचा तो, डोंगरावर होणार नाही. रस्ता वाहून गेलाय. म्हाताऱ्या माणसांचे हातपाय मोडण्यापेक्षा सगळ्यांनी खालीच, चर्चच्या हॉलमध्ये जेवावं. वरच्या कबरींचे फोटो आपण उडत्या कॅमेऱ्याने काढू, भिंतीवर मोठे करून दाखवू आणि फुलं त्या भिंतीखाली ठेवू. ‘म्हाताऱ्या माणसांचे’ म्हणताना त्याने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावर व्हर्डी पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत बसली होती. पंखा थांबला.

दुपारी रॉन्डल घरी जेवायला आला, तेव्हा तिने त्याला घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव पोटभर वाढला, ताट पुसून खाऊ दिलं, आणि मग एवढंच विचारलं की भिंतीवरच्या दगडांची नावं कोण सांगणार. तो म्हणाला, फोटोत दगड दिसले म्हणजे झालं. व्हर्डीने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. गोड द्यायचं राहिलं होतं, ते तिने दिलं नाही.

स्लेटलिक खोऱ्याच्या त्या कबरस्तानात नाव कोरलेले दगड थोडेच होते. एस्टिलचा, म्हणजे व्हर्डीच्या नवऱ्याचा, त्यातलाच एक. बाकी सगळे ओढ्यातून उचलून उभे रोवलेले साधे खडक. त्यावर अक्षर नाही, साल नाही. कोणत्या खडकाखाली कोण, ते व्हर्डीच्या सासूला ठाऊक होतं, आणि सासूने ते व्हर्डीला सांगितलं होतं. व्हर्डीने शाळेचं तोंड जेमतेम तीन हिवाळे पाहिलेलं. सही करताना तिचा हात अजून अडखळायचा. पण हे खडक तिला पाठ होते. दर वर्षी त्या रविवारी ती एकेका दगडावर हात ठेवून नाव घ्यायची, आणि मागून पोरंसोरं ते नाव म्हणायची. पोरं त्यातलं निम्मं विसरायची, म्हणून तर दर वर्षी जायचं. यंदा कोणी वर गेलं नाही तर पुढल्या वर्षीही जाणार नाही. हॉलमध्ये पंखे असतात, खुर्च्या असतात, संडास असतो. मग एक दिवस व्हर्डीला त्याच डोंगरावर पुरतील, आणि सगळी नावं तिच्याबरोबर मातीत जातील.

रस्ता म्हणजे ओढाच होता. पूर्वीपासून गाड्या ओढ्याच्या पात्रातूनच वर जायच्या. वसंतातल्या पुराने मधली वाळू धुऊन नेली आणि खालून एक खडक उघडा पडला, गुडघाभर उंच, पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत. गाडीची पुढची चाकं कशीबशी चढायची आणि पोट खडकावर टेकून गाडी अडकायची. रॉन्डलचा नवा चकचकीत पिकअप तिथेच अडकला होता, आणि तो साखळी लावून उलटा ओढून काढताना बघायला अर्धं खोरं जमलं होतं. तेव्हापासून रॉन्डलचं त्या खडकाशी वैर. हॉलची कल्पना त्या वैरातून निघाली, असं लोविनाचं मत.

लोविना म्हणजे एस्टिलची धाकटी बहीण, व्हर्डीची नणंद. उभी हयात खाणीच्या गॅरेजात गेली. ओठाखाली तंबाखूची गोळी ठेवून बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी थोडं एका बाजूने यायचं. तिने शेडचं दार उघडून एस्टिलच्या जुन्या जीपकडे बोट दाखवलं. इंजिन धडधाकट, चारही चाकांना जोर, पण बसकी. हिला वीतभर उचलली तर खडक पोटाखालून जाईल, ती म्हणाली.

दोघींनी सुट्या भागांच्या दुकानातून मिळालं ते सगळ्यांत स्वस्त सामान आणलं. पुढच्या स्प्रिंगांच्या डोक्यावर बसवायच्या दोन जाड चकत्या, मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांत घालायला एकेक जादा पाटा, आणि दणके झेलायला थोडे लांब शॉकअप. रॉन्डलचं चौकात टायरचं दुकान. त्याच्या कानावर हे गेलंच. तो घरी आला, खोक्यात डोकावला आणि म्हणाला की हे सामान बागेतल्या ढकलगाडीला बरं. आपण याला हात लावणार नाही, आणि उद्या काही झालं तर आपल्याला बोलावू नये.

“बोलावलंय कोणी,” व्हर्डी म्हणाली. “तू खोक्यात बघायला आलास, बघितलंस. आता दार लावून जा.”

काम सोपं नव्हतं. बोल्ट गंजून पाट्याशी एकजीव झालेले. लोविना त्यांना सकाळ-संध्याकाळ तेल पाजायची, तान्ह्या पोराला पाजावं तसं. पान्याला लांब पाइप घालून दोघी त्याला लोंबकळायच्या, तेव्हा कुठे बोल्ट कुरकुरून सुटायचा. जीप लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उचलून धरली, चाकं हवेत सोडली. मागचे पाटे काढून आणले, शिकंज्यात दाबून त्यांत नवा पाटा घातला, परत चढवले. पुढच्या बाजूला शॉकअप सोडवून एक्सल खाली दाबायचा होता. तो दबेना, तेव्हा लोविना त्याच्यावर उभी राहिली. ती उंचीला बेताची आणि अंगाने भरलेली.

व्हर्डी म्हणाली, “बरं झालं तू कधी जेवण सोडलं नाहीस.”

“तुझ्या हातचं असतं तर सोडलं असतं, वहिनी,” लोविना वरून म्हणाली. “स्प्रिंग ओढ.”

स्प्रिंग निघाली, चकती बसली, स्प्रिंग परत गेली. मग व्हर्डीने सगळे बोल्ट आवळले. जीप अजून घोड्यांवर, चाकं लोंबकळत, आणि ती खाली उताणी पडून दात आवळून एकेक बोल्ट पक्का करत गेली. रॉन्डल सैल बोल्टावरून काही बोलेल, ही संधी तिला त्याला द्यायची नव्हती. पाइप लावून आवळलं, वर पुन्हा आवळलं. जीप खाली उतरवली तेव्हा ती अशी उभी राहिली की व्हर्डीला आत चढायला पायाखाली भाजीची टोपली घ्यावी लागली. दोघी जीपभोवती फिरून आल्या. लोविना थुंकली आणि म्हणाली, एस्टिल असता तर रडला असता. व्हर्डीने डोळ्यांत काही गेल्याचं निमित्त केलं.

आणि मग अभिमान नडला. गुपचूप ओढ्यात नेऊन बघायची, तर व्हर्डी पुढच्या रविवारी ती चर्चला घेऊन गेली. गाडी सगळ्यांना दिसावी म्हणून. गाडी दिसली, आणि त्याआधी ऐकूही आली. प्रत्येक खड्ड्याला ती डुकराच्या पिल्लासारखी किंचाळायची, आणि बसणाऱ्याच्या मणक्यात दणका जायचा. चर्चच्या अंगणात पुरुष घोळका करून उभे होते. रॉन्डल त्यांच्यातून पुढे आला, गुडघ्यावर बसला, खाली वाकून बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “आई, चाकं लोंबकळत असताना आवळलंस ना हे?”

व्हर्डी स्टिअरिंग धरून बसली होती.

“सांध्यांतल्या बुशांचं रबर पिळलंय सगळं. म्हणून गाडी एवढी उंच दिसते. ही उंची खरी नाही, पिळाची आहे. ओढ्यात दोन दणके बसले की रबर फाटलंच म्हणून समज.” घोळक्यात कोणीतरी हसलं. रॉन्डललाही हसू आवरलं नाही. “म्हणून म्हटलं होतं, हॉल बरा.”

“मग आवळायचं कधी?” व्हर्डीने विचारलं.

“चाकं जमिनीला टेकली, गाडीचं वजन तिच्या पायांवर आलं, की मग.”

तो खरं सांगत होता. तेच तिला जास्त लागलं. खोटं असतं तर तिथेच त्याची सालटी काढली असती. ती गाडी वळवून घरी गेली, आणि खोऱ्याच्या तोंडापासून अंगणापर्यंत जीप किंचाळत गेली. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवरून माणसं बघत होती. व्हर्डीने एकेकाला हात करून नमस्कार केला, जणू मिरवणूकच निघाली होती.

घरी पोचताच चर्चचे कपडे उतरवून दोघी पुन्हा गाडीखाली शिरल्या. या वेळी चाकं जमिनीवर, घोडे बाजूला. एकेक बोल्ट सैल केला, तसा आतून पीळ सुटल्याचा आवाज आला, आणि जीप म्हशीसारखी हळूच खाली बसली. मग आवळलं. लोविनाने टायरच्या वरची जागा हाताने मोजली.

“दोन बोटं गेली, वहिनी.”

“जाऊ देत. खडक दोन बोटांचा हिशोब ठेवत नसतो.”

पण तो ठेवतो की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि या वेळी ओढ्यात नेऊन बघायलाही व्हर्डी तयार होईना. एकदाच जायचं, म्हणाली, सगळ्यांच्या देखत, आणि अडकलो तर सगळ्यांच्या देखतच अडकायचं.

कबरी सजवायच्या रविवारी चर्चचं अंगण गाड्यांनी भरलं होतं. हॉलच्या दारात माणसं कागदी थाळ्या घेऊन उभी होती. व्हर्डी लोविनाला शेजारी बसवून त्यांच्या समोरून जीप घेऊन गेली. मागे कुदळ, बादलीभर लालबुंद फुलं, मेणात बुडवलेली कागदाची फुलं, तळलेली कोंबडी आणि बटाट्याची कोशिंबीर. जीप अजिबात किंचाळली नाही. व्हर्डीने कोणाकडे पाहिलं नाही, मात्र गाडी इतकी हळू नेली की न पाहणारा एकही उरला नसावा. रॉन्डल थाळी घेऊन पायरीवर आला. तिने ओढ्याकडे चाक वळवलं.

खडकापाशी लोविना खाली उतरली, पाण्यात उभी राहिली आणि हातांनी डावं-उजवं दाखवू लागली. व्हर्डीने चढाचा बारका गिअर टाकला. पुढची चाकं चढली. नाक आभाळाकडे गेलं, बादलीतलं पाणी सांडलं. मग खालून खरखर आवाज आला, पोट घासलं, आणि जीप थबकली.

“दाब, वहिनी,” लोविना म्हणाली. “आता थांबलीस तर रॉन्डलला आजचं जेवण गोड लागेल.”

व्हर्डीने दाबलं. मागची चाकं खडकावर चढली, जीप डुलली, आणि पलीकडे उतरली. लोविना पाण्यात उभीच राहिली. मग ओल्या पायांनीच आत चढून बसली.

वर गवत कमरेएवढं वाढलं होतं. दोघींनी ते काढलं, एस्टिलच्या दगडाला आधी फुलं वाहिली, मग बाकीच्यांना. एवढ्यात ओढ्याच्या वाटेने धापा टाकत रॉन्डल आला. चर्चची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चांगल्या जोड्यांतून पाणी पचपचत होतं. आई ठीक आहे ना, हे बघायला तो चालत आला होता. तसं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, खाली कोणी जेवायला बसलेलं नाही, सगळे अंगणात उभे राहून डोंगराकडे बघतायत.

व्हर्डीने त्याच्या हातात कागदाची फुलं दिली आणि खडकांकडे हात केला. “नावं सांग.”

पहिला त्याने बरोबर सांगितला, सुईण साब्रा. पुढचे दोन भाऊ, एकाच तापात गेलेले, तेही बरोबर. मग झुडपाजवळच्या लहान खडकापाशी तो थांबला, आठवलं, आणि खात्रीने म्हणाला की हा तो फेरीवाला, ज्याच्या माणसांचा पत्ता लागला नाही.

लोविनाने तोंड दुसरीकडे फिरवलं. व्हर्डीने त्या खडकावर हात ठेवला.

“फेरीवाला तिकडे, कुंपणापाशी. ही ओपल. तुझी थोरली बहीण, तुझ्याआधीच्या हिवाळ्यातली. सकाळी आली, दिवेलागणीला गेली. उडत्या कॅमेऱ्यात हा दगड दिसला असता, आणि भिंतीखाली फुलं ठेवून तू फेरीवाल्याला हात जोडले असतेस.” तिने खडकावरची माती पुसली. “बोल्ट कसा आवळायचा ते तू मला बरोबर सांगितलंस. हे मी आज म्हणते, परत म्हणणार नाही. पण हॉलचं तूही लोंबकळतच आवळून टाकलंस, रॉन्डल. कोणाचं वजन कुठे पडतं ते न बघता सगळ्यांसमोर सांगून मोकळा झालास. आता खाली जाऊन ते सैल कर. जीपमध्ये मागे तिघं मावतात, पुढे एक. म्हाताऱ्यांना आधी आणायचं, मग पोरांना. गाडी मी चालवीन. तू ओढ्यातल्या त्या खडकावर उभा राहून प्रत्येक खेपेला मला वाट दाखवायचीस. जोडे काढायचे नाहीत.”