आईची उलटतपासणी

सुट्टीच्या दिवशी वकील मंडळी कोर्टाच्या आवारात दिसली, तर समजावं की आज शिकवणी आहे. वकिलीची सनद चालू ठेवायची तर दरवर्षी ठरलेले तास वर्गात बसून काढावेच लागतात, मग तुम्ही काल वकील झालेले असा नाहीतर तुमच्या हाताखाली शिकलेले न्यायाधीश होऊन निवृत्त झालेले असोत. आणि वकिलांचा वर्ग म्हणजे शाळेतला शेवटचा बाकच, फक्त केस पांढरे. कुणी मागच्या दाराजवळची खुर्ची धरतं, कुणी शेजाऱ्याला सांगतं, "माझी सही तू ठोक." एक जण तर डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या शिकूनच आलेला असतो.

ताई मात्र पहिल्या रांगेत बसली होती. तिला खरोखरच शिकायचं होतं. फळ्यावर विषय लिहिला होता, 'दिवाणी दाव्यातील उलटतपासणी', आणि येत्या बुधवारी तिच्या स्वतःच्या दाव्यात तिच्या स्वतःच्या आईची उलटतपासणी व्हायची होती. ती घेणार होता तिचा सख्खा धाकटा भाऊ.

तो तीन खुर्च्या सोडून त्याच रांगेत बसला होता. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच माणूस, पण घरात छोटू म्हणायचे, म्हणून सगळं कोर्ट छोटूवकीलच म्हणायचं. बहीणभावाच्या दाव्याची गोष्ट आवारातल्या चहावाल्यालासुद्धा पाठ होती. त्यांचे वडील अण्णा, तेही वकील. कोर्टासमोरच्या इमारतीत वह्यापेनांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गावाची मृत्युपत्रं अण्णांनी लिहिली, आणि स्वतःचं मात्र न लिहिताच ते गेले. ताई म्हणत होती, "अण्णांनी ऑफिस मला दिलं, तोंडी दिलं, आईच्या समोर." छोटू म्हणत होता, "मला दिलं, गाडीतून येताना, आम्ही दोघंच होतो." दोघांनीही दुसरा वकील लावला नव्हता. अण्णांची मुलं आणि दुसऱ्याच्या तोंडानं बोलणार? शक्यच नाही. गेलं वर्षभर दोघं एकमेकांशी बोलत होते ते फक्त न्यायाधीशांच्या मार्फत. "माझ्या विद्वान मित्रांचं म्हणणं असं, की..." लहानपणी एका ताटात जेवलेली माणसं ही!

शिकवायला बाहेरगावच्या एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या होत्या. लहान चणीच्या, आवाज असा की मागच्या रांगेतला झोपलेलाही ताठ झाला.

"हजेरीचा कागद शेवटी फिरेल," बाई सुरुवातीलाच म्हणाल्या. "मीही वकिलीच केली आहे. मला सगळी दारं माहीत आहेत."

मग त्यांनी उलटतपासणी समजावून सांगितली. समोरच्याचा साक्षीदार तुमच्या हातात येतो तेव्हा त्याला बोलू द्यायचं नसतं, फक्त 'हो' आणि 'नाही' म्हणू द्यायचं असतं. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. आणि 'का' तर कधीच विचारायचं नाही. "'का' म्हणालात की साक्षीदाराच्या हातात माइक दिलात," बाई म्हणाल्या. "जे हवं ते मिळालं की खाली बसायचं. पण आपल्याला बसवत नाही ना! सगळ्यात चांगलं उत्तर अजून पुढेच आहे असं वाटत राहतं."

सगळे हसले, कारण प्रत्येकालाच आपापला एकेक दावा आठवला.

मग सराव. बाईंनी एक बनावट दावा आणला होता. दोन शेजारी, मधे अंगण, अंगण कुणाचं यावर भांडण. दावा आणणारी मुलगी, आणि तिची साक्षीदार तिची म्हातारी आई, जिच्या देखत नवरा म्हणाला होता की अंगण मुलीला; शेजाऱ्याचं म्हणणं, त्यानं ते मला विकलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. एकानं म्हातारी व्हायचं, एकानं शेजाऱ्याचा वकील.

"साक्षीदार," बाईंनी चिठ्ठी उलगडली आणि ताईचं नाव वाचलं. "आणि वकील..." दुसरं नाव छोटूचं निघालं, आणि सगळ्या माना एकदम त्या दोघांकडे वळल्या. 

नोटरीकाका म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. ते अर्धवट उठले. "बाई, ही चिठ्ठी जरा बदलता का? म्हणजे, आमचं आपलं..."

"कशाला?" ताई म्हणाली.

"कशाला?" त्याच क्षणी छोटूही म्हणाला.

नोटरीकाका गपकन बसले. बाईंना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, उत्साही मंडळी दिसतात.

ताई पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. हातात एक पान होतं, त्यात म्हातारीला काय माहीत आहे ते लिहिलेलं. बाकीचं आपल्या मनानं. कशी बसते म्हातारी? ताईनं विचार केला नाही, तिचं शरीरच आपोआप तसं झालं. पाय जवळ, हात मांडीवर एकात एक गुंफलेले, मान किंचित कलती, उजवा कान पुढे, कारण आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

छोटू उठला. एक क्षण तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग त्याच्यातला वकील जागा झाला.

"आजी, खुर्ची बरी आहे ना? पाणी हवंय?"

"नको हो."

"दमला असाल तर सांगा. घाई नाही आपल्याला."

काय गोड आवाज! अण्णांचाच. अण्णा साक्षीदाराला आधी असंच कुशीत घ्यायचे.

"मिस्टर अंगणाबद्दल बोलले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात?"

"हो."

"दार लोटलेलं होतं?"

"हो."

"कुकर लावला होता?"

"लावला असेल."

"हो की नाही, आजी?"

"हो."

"म्हणजे ऐकलंत ते दारामागून, कुकरच्या शिट्ट्यांमधून. बरोबर?"

"...हो."

मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. छोटू एक पाऊल पुढे आला, आवाज आणखी मऊ झाला.

"वय झालं की होतंच, आजी, वाईट वाटून घेऊ नका. मागच्या महिन्यात गॅस चालूच राहिला होता ना तुमच्याकडून?"

ताईनं हातातल्या पानाकडे पाहिलं. हे त्या पानात नव्हतं. हे आईचं होतं. गॅस चालू राहिला, दूध करपलं, शेजाऱ्यांनी दार वाजवलं. ही गोष्ट ताईला माहीत होती आणि आईला. आणि आईनं ती धाकट्याला फोनवर सांगितली असणार, हसत हसत, 'बघ रे, कशी झालेय मी.' आई मुलाला सांगते तशी.

"एकदाच," ताई म्हणाली.

"हो की नाही?"

"हो."

"नातवंडांना एकमेकांच्या नावानं हाक मारता?"

"सगळेच मारतात."

वर्ग हसला. छोटूही हसला, प्रेमानंच. "हो की नाही, आजी?"

"हो."

"तुमचं जेवणखाण, औषधपाणी, सगळं मुलगीच बघते?"

"हो."

"जिनं हा दावा आणलाय तीच?"

"हो."

झालं होतं काम. बाईंनी हाताचा तळवा खाली करून खूण केली, बसा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं की आता बसायचं. पण छोटूला बसवलं नाही. कदाचित बहिणीच्या अंगात इतक्या हुबेहूब उतरलेल्या आईकडे बघून त्याचं त्यालाच राहवलं नसेल.

"मग आजी, एवढं सगळं असताना तुम्ही इथे साक्षीला आलातच का?"

पानात याचं उत्तर नव्हतं. ताईनं कागदाकडे पाहिलंही नाही. ती मान तशीच कलती ठेवून बसली होती आणि तिच्या तोंडून शब्द आले, ते तिनं ठरवलेले नव्हते.

"मुलीनं आणलं म्हणून. रोज रात्री शिकवते ती मला, काय म्हणायचं ते. तिला नाही म्हणता येत नाही हो मला."

तेव्हा कुठे छोटू खाली बसला.

बाई उठून फळ्याजवळ आल्या. "पाहिलंत? हा 'का' विचारायचा नव्हता. आज तुमचं नशीब जोरावर, साक्षीदारानंच दावा तुमच्या ओंजळीत घातला. रोज असं होत नाही." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही साक्षीदार छान उभी केलीत. खरी वाटली."

टाळ्या वाजल्या. ताई खुर्चीतून उठली तेव्हा तिची मान अजून तशीच कलती होती.

चहाच्या सुट्टीत ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. खाली कोर्टाच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. बुधवारी याच पायऱ्यांवरून ती आईला दंडाला धरून वर आणणार होती. शपथ घ्यायला लावणार होती. आणि आईला कुणी नीट विचारलं असतं तर आईनं जे सांगितलं असतं, ते आत्ता तिनं स्वतःच आईच्या आवाजात ऐकलं होतं. इतके दिवस रात्री झोपताना ती भावावर चिडायची: स्वतःच्या आईला पिंजऱ्यात उभी करून प्रश्न विचारणार, लाज कशी वाटत नाही! आणि पिंजऱ्यात उभी कोण करत होतं?

छोटू दोन कप घेऊन आला. एक तिच्यापुढे धरला. वर्षभरात पहिल्यांदाच दोघांच्या मधे न्यायाधीश नव्हते.

"ताई, ते गॅसचं... चुकून आलं तोंडात."

"चुकून नाही आलं. तयारी केली आहेस तू. आणि चांगली केली आहेस."

"बुधवारी नसतं विचारलं मी."

"चल, काहीतरीच! मी तुझ्या जागी असते तर मीही विचारलं असतं. तिथे उभं राहिलं की आपण दोघंही तेच करतो. अण्णांनी तेच शिकवलंय."

छोटू कपावरची साय बोटानं बाजूला करत राहिला, लहान असताना करायचा तसा.

"मी आईला उभी करत नाहीये," ताई म्हणाली.

छोटूनं मान वर केली. "ताई, तुझ्याकडे तेवढी एकच साक्ष आहे. ती काढलीस तर उरतं काय?"

"माझा शब्द. आणि तुझा शब्द."

"आणि दावा सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर. हरशील तू." मग जरा रागानंच म्हणाला, "आणि असं विरुद्ध बाजूच्या वकिलाला आधी सांगतं का कुणी? वेडी आहेस का?"

ताईला हसू आलं, आणि मग हसू थांबवताना डोळे भरले. "नाही सांगत कुणी."

"मी दावा सोडणार नाही हं," तो हळूच म्हणाला. "मला खरंच दिलं होतं त्यांनी. गाडीत. शपथ घेऊन सांगतो."

"मी सोड म्हटलंय का? मलाही खरंच दिलं होतं."

दोघं खालच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत उभे राहिले. असंही झालं असेल, की अण्णांनी दोघांनाही दिलं असेल. गाडीत एकाला, घरात एकीला, त्या त्या वेळी अगदी मनापासून. जगाला सगळं लेखी द्या म्हणणाऱ्या माणसाला पोटच्या दोन पोरांपैकी एकाला 'तुला नाही' एवढं लिहिता आलं नसेल. ताईच्या मनात हे आलं, पण ती बोलली नाही. आत बाई हजेरीचा कागद घेऊन उभ्या होत्या.

घरी आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. ताई दिसताच तिनं पदराला हात पुसले आणि शहाण्या मुलीसारखी सरळ बसली.

"आलीस? चल, घे माझा पाठ. आज मधे कुठेच अडकणार नाही बघ."

ताई समोर बसली. "आई, बुधवारी यायचं नाहीये तुला."

"तारीख पुढे गेली?"

"नाही. तारीख तीच आहे. तुला बोलवत नाहीये मी."

आईचे हात थांबले. "छोटू काही बोलला?"

"नाही. माझं मीच ठरवलं."

"मग ऑफिस?"

"जाईल बहुतेक."

आईनं एक शेंग उचलली, अंगठ्यानं फोडली, दाणे भांड्यात पाडले. अण्णांच्या त्या खोल्यांमध्ये ताईनं वकिलीचं पहिलं अक्षर गिरवलं होतं. खिडकीजवळचं टेबल तिचं होतं. आईला हे सगळं माहीत होतं. तिनं आणखी तीनचार शेंगा सोलल्या.

"मी सगळ्यालाच 'आठवत नाही' म्हणणार होते," आई शेवटी म्हणाली.

"काय?"

"तू विचारलंस तरी, त्यानं विचारलं तरी. दार लोटलेलं होतं का, आठवत नाही. कोण काय म्हणालं, आठवत नाही. न्यायाधीश म्हणाले असते, म्हातारीला भ्रम झालाय. म्हणू देत."

"अगं, मग इतके दिवस पाठ कशाला करत होतीस?"

"तू रोज कामावरून दमून यायचीस आणि माझ्याजवळ बसायचीस तासभर. एरवी कुठे बसतेस?" आई मटाराच्या भांड्यात बघूनच बोलत होती. "आणि तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस. तुझ्या रागाला भिते मी, अण्णांच्या रागाला भ्यायचे तशी."

 ताई टेबलावरून पुढे झुकली, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांना प्रश्न विचारलेली तिची जीभ सवयीनं पुढे सरकली.

"म्हणजे आठवतंय तुला."

आईनं मान वर केली. म्हातारीची नजर अगदी स्वच्छ होती, भ्रमबिम काही नव्हता त्यात.

"हे घरात विचारतेयस की कोर्टात?"

'घरात,' एवढंच म्हणायचं होतं. आईनं सांगितलं असतं. अण्णा खरंच काय म्हणाले, कुणाला म्हणाले, आधी कुणाला आणि नंतर कुणाला, सगळं. ताईला ते जाणून घ्यायचं होतं. आणि ते कळलं असतं, तर बुधवारी तिथे उभी राहून काय करणार होती त्याचं?

"कुठेच नाही," ताई म्हणाली. "विचारतच नाहीये मी."

तिनं भांडं दोघींच्या मधे ओढलं आणि सोलायला घेतलं.

"बरं केलंस," आई म्हणाली.

कशाबद्दल, तेही ताईनं विचारलं नाही.