फक्त पहिला भाग

मी एक जुनी सीडी आहे. मित्रांनो, जळगावातल्या मुष्टियोद्ध्यांच्या तीन पिढ्या माझ्याकडे बघून घडल्या. तीन पिढ्या म्हणजे हिलाल सरांच्या बॉक्सिंग क्लासमधल्या नववीच्या तीन तुकड्या. मधली काही वर्षं क्लास बंदच होता. पहिल्या पिढीतला एक जण अजून पोलीस भरतीची तयारी करतो, दुसऱ्या पिढीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

सरांनी मला बसस्टँडजवळच्या हातगाडीवरून घेतलं. तेव्हा एका पाकिटात आम्ही दोघी बहिणी होतो, कारण सिनेमा एका सीडीत मावत नसे. माझ्यावर पहिला भाग आहे. गोदीत पोती वाहणारा एक मुष्टियोद्धा, त्याला कुत्रं विचारत नाही. अचानक त्याला जगज्जेत्याशी लढायची संधी मिळते आणि तो रोज पहाटे उठून पळायला लागतो. प्रत्यक्ष लढत माझ्या बहिणीवर होती. चोपड्याचे एक पाहुणे तिला ‘उद्या आणून देतो’ म्हणून घेऊन गेले. त्याला अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून मेहरूणमधल्या क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो नायक पळतो, पळतो आणि मी संपते. तो जिंकला की हरला, मुलांपैकी कोणालाच माहीत नाही. मुलांनी विचारलं की सर म्हणतात, पुढचं ज्याचं त्याने करायचं असतं. तुम्ही म्हणाल, मोबाइलवर अख्खा सिनेमा सापडेल. सापडेल. पण आजवर कोणी शोधला नाही. माझ्या लोकप्रियतेचं कारण मला तरी हेच दिसतं. नायकावर हरायची वेळ येण्याआधीच मी थांबते.

गेल्या हिवाळ्यात डिंपलचा नंबर आला. शेहेचाळीस किलोखालचा गट, धुळ्याला विभागीय निवड चाचणी. निवड झाली तर राज्य स्पर्धा. नाही झाली तर पुढच्या वर्षी ती वयाने बाद. तीन आठवडे काटेकोर जेवून तिने वजन पंचेचाळीस किलो आठशे ग्रॅमवर धरून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी सर आणि डिंपल धुळ्यात तिच्या मावशीकडे, भिकुबाईंकडे उतरले. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मला लावायचं हा सरांचा नेम, त्यामुळे प्लेअरसकट मीही होते. भिकुबाई मला पहिल्यांदाच बघत होत्या. नायक अंधारात, थंडीत, रिकाम्या पोटी पळू लागला तशा त्या अस्वस्थ झाल्या.

“हाऊ पोऱ्या उपाशीच पयी ऱ्हायना वं,” त्या म्हणाल्या. “याले कोनी जेवाडत नही का?”

माझ्यावर तरी त्या उपाशी पळणाऱ्याला कोणी जेवू घालत नव्हतं. आणि पडद्यातल्या पोराला वाढता येत नाही, म्हणून त्यांनी समोरच्या पोरीला वाढलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर लोणी. डिंपलने वजनाचं सांगून पाहिलं. पण खान्देशात ‘नको’ म्हटलं की आणखी एक भाकरी पडते. सरांनी हे थांबवायला हवं होतं. ते स्वतः चौथ्या भाकरीवर होते.

सकाळी साडेसातला काट्याने शेहेचाळीस किलो चारशे ग्रॅम दाखवलं. पंच म्हणाले, नऊपर्यंत एकदा परत या, नंतर नाव खोडतो.

घाम निघावा म्हणून सरांनी अंगातलं जॅकेट काढून डिंपलला घातलं. त्यावर भिकुबाईंची शाल गुंडाळली.

“डिंपल, सिनेमा पाठ आहे ना?”

“पळण्याचाच भाग पाठ आहे, सर.”

“तेवढाच लागतोय.”

रात्री प्लेअरमधून काढल्यापासून मी त्या जॅकेटच्या आतल्या खिशात होते. आजवर मी शेकडो वेळा फिरले, पण पळाले त्या दिवशी. मैदानाच्या प्रत्येक फेरीला तिचं काळीज माझ्यावर आपटत होतं. भिकुबाई कडेला उभ्या राहून फेऱ्या मोजत होत्या. सोळाव्या फेरीला त्यांना राहवलं नाही, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. ती सरांनी हिसकावून स्वतःच पिऊन टाकली.

नऊला पाच मिनिटं असताना जॅकेट खुंटीवर टांगलं गेलं. माझं वजन तिच्या वजनात धरलं नाही, हे बरंच झालं. काटा थोडा हलला आणि पंचेचाळीस किलो नऊशेवर थांबला.

सर तिथेच फरशीवर बसले. डिंपल आधी हसली, मग रडली. भिकुबाईंनी पदराने डोळे टिपले आणि पिशवीतून डबा काढला.

“आते खाऊ दू का, भाऊ?”

“आता खाऊ द्या, अक्का,” सर म्हणाले. इतका सुटल्यासारखा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा. सीडीवर चहाचा कप ठेवू नका, आरसा म्हणून भांग पाडायला वापरू नका आणि पाहुण्यांना देताना दोन्ही भाग एकदम द्या, म्हणजे मागे उरलेला भाग दुसऱ्याची वाट बघत बसत नाही. आम्ही लढत दाखवू शकलो नाही, तरी तिच्या आधीची सकाळ दाखवतो. आणि बहुतेकांचं आयुष्य त्या सकाळीच चाललेलं असतं.

साडेदहाला लढतींची यादी भिंतीवर लागली. शेहेचाळीस किलोखालच्या गटात एकच नाव होतं, डिंपलचं; लढायला समोर कोणी नव्हतंच.