दोनशे अर्जांची एक हरकत

पालिकेच्या कचेरीच्या फाटकाशी, जुन्या शहरात, निंबाखाली मी पंचवीस वर्षं बसलो. पुढ्यात लाकडी पेटी, तिच्यावर कागद, धंदा अर्जनवीसाचा. वडील तिथंच बसून उर्दूत दरख्वास्ती लिहायचे. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, कचेरीची भाषा बदलली तसे आम्ही मराठीत आलो. पेटी मात्र तीच राहिली.

आणि एक दिवस फाटकावर नोटीस लागली. कचेरी क्रांती चौकाच्याही पलीकडं, नव्या इमारतीत हलवायचीय, कुणाची हरकत वा सूचना असेल तर महिन्याभरात लेखी द्यावी.

माझं टाळकंच फिरलं. कचेरी जाईल तिकडं माणसं जाणार, मग मी काय निंबावरच्या कावळ्यांचे अर्ज लिहू? बरं, तिकडं जावं तर नव्या फाटकाशी टायपिंगवाले आधीच टपलेले. पन्नाशीच्या माणसाला जागा कोण देतं हो!

महिनाभर शहरात दुसरा विषय नव्हता. जुने दुकानदार म्हणायचे, कचेरी गेली की बाजार मेला. नव्या वस्त्यांवाले म्हणायचे, आम्ही काय जन्मभर हेलपाटेच घालायचे का? दोघंही भांडून भांडून दमले की अर्ज लिहायला माझ्याकडंच यायचे. मी दोघांचेही लिहिले. वकिलानं एक बाजू धरावी, अर्जनवीसानं नाय.

वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. अर्ज दुसऱ्याच्या अर्जासारखा दिसला की साहेब वाचत नाय. ज्याचं दुखणं त्याच्याच तोंडचं लिही. कुणी म्हणालं, "मागच्यासारखाच लिहून टाका," की मी खेकसायचो, "मग त्याचंच पोट दुखतंय का तुमचं?"

दगडाबाई आली ती मुदत संपायच्या दोन दिवस आधी. पैठण रस्त्याकडच्या नव्या वस्तीतली, गुडघ्यानं अधू, तोंडानं फटकळ.

"लिव्हा भाऊ," म्हणाली. "नळ पाहिजे म्हणून चारदा आले. घरून भाकर बांधून निघते, दोन गाड्या बदलते, इथं येईस्तोवर जेवणाची सुट्टी. मग नंबर लागत नाय आन् शेवटच्या गाडीची वेळ होती. नळ मागायला येते आन् इथंच घोटभर पाणी मागून पिऊन परत जाते. कचेरी जवळ आणा म्हणावं."

मी शब्द न शब्द तसाच उतरवला. माझ्याच पोटावर पाय येणार होता, पण बाई खोटं कुठं बोलत होती?

दुसऱ्या दिवशी भांड्याचे दुकानदार आप्पासाहेब आले. "वैजनाथराव, उद्या शेवटचा दिवस. ढीग पाडायचा! दोनशे माणसं सहीला तयार आहेत. एकच मजकूर करा आन् कार्बन लावून काढा."

मी भुललो. माझ्याच जागेचा प्रश्न होता ना! घरी बसून दिवसभर दाबून दाबून लिहीत सुटलो, एका वेळी चार प्रती. बायको अनसूया कार्बन लावत होती. मध्येच म्हणाली, "अहो, मामंजी असते तर तुमचा हात धरला असता."

"तू गुमान कार्बन लाव," मी म्हणालो. पहिल्या अर्जावर सही मी माझीच केली.

सुनावणीला हॉल गच्च भरला होता. साहेबांनी आमचा ढीग उचलला, चार कागद चाळले, पुन्हा मधले चार चाळले. "मजकूर एक, अक्षर एक. दोनशे अर्ज असले तरी ही एकच हरकत."

आप्पासाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग साहेबांनी दुसरा कागद घेतला आणि दगडाबाईचा अर्ज मोठ्यानं वाचला. घोटभर पाण्याशी आले तेव्हा हॉलमधला कालवा थांबला.

लाज वाटली, स्वतःचा राग आला. पण खरं सांगू? आतून लई बरंही वाटलं. पंचवीस वर्षांत माझं लिहिलेलं असं चारचौघांत कुणी वाचलं नव्हतं.

कचेरी हलवायचा ठराव झाला. वर्षभरानं नव्या इमारतीचं फाटक उघडलं, त्या दिवशी मी घरीच बसून होतो. शेवटी अनसूयानंच पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली. "जाऊन तर बघा. जागा नसली तर परत या, मी काय हाकलतीय का?"

तिथं पोहोचलो तर व्हायचं तेच झालेलं. फाटकाजवळ टायपिंगवाल्यांची रांग आणि सावलीला एकच झाड. त्या झाडाखाली मात्र हातभर जागा रिकामी होती. एस्टीत सीट धरायला टाकतात तसा तिथं रुमाल पसरलेला, वर दगड ठेवलेला. शेजारी दगडाबाई एका टायपिंगवाल्याशी भांडत होती.

"एकदा सांगितलं ना, जागा धरलीय! माणूस यायलाय!"

मला बघितलं तशी माझ्यावरच उखडली. "किती उशीर हो भाऊ! सकाळपासनं तोंड दुखलं माझं."

मी पेटी ठेवली, रुमाल झटकून तिच्या हातात दिला.

"ऱ्हाऊ द्या ते. पयला नंबर माझा," ती गुडघा धरून खाली बसली. "नळाचा अर्ज लिव्हा. वर्षभर थांबले, दुसऱ्या कुणाकडनं लिवून घेतला नाय."