कोरी काच

चाचणीच्या हजारपैकी नऊशे साठ तास संपले होते आणि घाईची काचपट्टी अजून जिवंत होती. घाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली पीएच.डी.ची मुलगी, ती जेवतेसुद्धा उभ्यानं, म्हणून हे नाव. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या चांदीच्या तारा काचेवर पसरायच्या, त्यातून वीजही जावी आणि आरपारही दिसावं, असं तिचं काम. मोबाइलच्या पडद्यांना, सौर पॅनेलना ते लागतं. गरम दमट पेटीत ठेवल्या की अशा तारा काळ्या पडून तुटतात. तिच्या तुटत नव्हत्या. तिचे सर तर हवेतच होते. हजार तास भरले की पदवी पक्की, आणि शिष्यवृत्ती पुढच्याच महिन्यात संपत होती.

काचा कापून, धुऊन देणं माझ्याकडे. वीस वर्षं तेच करतेय.

त्या सकाळी तिच्याच डब्यातली उरलेली काच मी दुसऱ्या कामाला काढली आणि सवयीनं तिला मीटर लावला. कोऱ्या काचेतून वीज जात नाही, मीटर गप्प बसतो. हा वाजला. मग डब्यातल्या सगळ्याच वाजल्या. कारखान्यातूनच त्यांच्यावर वीज वाहणारा थर चढवलेला होता, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे सहा आठवडे आम्ही तो खालचा थरच मोजत होतो. घाईच्या तारा केव्हाच मेल्या असतील. कापताना मी मीटर लावलाच नव्हता. नवशिकेसुद्धा असली माती खात नाहीत.

मला काहीच वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. चाळीस तास तोंड मिटून बसलं तर कुणाला कळणार, हेही मनात येऊन गेलं. मग डबा उचलला आणि तिच्या टेबलाशी जाऊन काचेला मीटर लावून वाजवून दाखवला.

ती पांढरीफटक पडली. "ताई, वीस वर्षांत तुमची एक काच चुकली नाही. नेमकी माझीच?"

"तुझीच."

"अहो, नुसतं 'तुझीच' काय? माझं वर्ष गेलं!"

"चूक माझी आहे. सरांना मी सांगते."

"सरांचं राहू द्या. झालं काय होतं त्या दिवशी?"

डब्यावर माझ्याच अक्षरात तारीख होती. बुधवार. सोमवारी दवाखान्यातून भावाचा फोन आला, मंगळवारी सगळं उरकलं, बुधवारी मी कामावर हजर. इथे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक जवळ येतात, हात धरतात. मला ते नको होतं.

"आई गेली होती," मी म्हणाले. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते.

घाईनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि तुम्ही माझ्या काचा कापत बसलात?"

मी हो म्हणायला गेले. त्याऐवजी डबा टेबलावर ठेवला आणि हात तिच्यापुढे केला.