कोरडी हवा

भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या टेबलावरच्या आजोबांच्या घशातली नळी बदलली आणि जुनी गॅसबाईंच्या हातात दिली. वाळलेल्या कफाने ती पार बुजली होती. आणखी दोन मिनिटं गेली असती, तर आजोबा हातचे गेले असते.

गॅसबाईंचं खरं पद तंत्रज्ञाचं. भुलीचं मशीन सांभाळतात म्हणून सगळं थिएटर त्यांना याच नावाने हाक मारी. नळीतून जाणारी हवा नाक-तोंड टाळून थेट छातीत उतरते, म्हणून ती पाण्याच्या तापत्या भांड्यातून दमट करून सोडावी लागते. जबड्याचं ऑपरेशन नऊ तास चाललं. तिसऱ्या तासाला ते भांडं इशाऱ्याचं पिप-पिप वाजवायला लागलं. बाईंनी नळ्या झटकल्या, पाणी भरलं, तरी ते थांबेना.

"ती पिरपिर बंद कर," सर्जन म्हणाले.

बाईंनी बटण दाबून भांडंच बंद केलं. पुढचे सहा तास आजोबांच्या छातीत कोरडी ठणठणीत हवा गेली.

आणि आता सर्जन नळी बुजल्याचं कारण लिहवून घेत होते: विडी ओढून साठलेला जुना कफ. भांडं बंद होतं, असं बाईंनी सांगून पाहिलं. तू डॉक्टर कधी झालीस, असं सर्जननी हसत विचारलं. भूलतज्ज्ञ स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं या माणसाच्या हाताखाली काढली, त्याचीच त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अतिदक्षता विभागात भांड्यातलं पाणी बदलायला गेल्या. आजोबा शुद्धीवर होते. नळी उपसू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात पलंगाला बांधले होते. उशाशी मुलगी बसली होती.

"किती वर्षं लपवलंत, बाबा?" ती रडत विचारत होती. "आईची शपथ घेऊन सांगायचात, विडीला शिवलो नाही म्हणून."

आजोबा मान हलवत होते. नाही, नाही. मुलीने तोंड फिरवलं.

बाईंनी पाण्याची बाटली खाली ठेवली.

"त्यांनी काही लपवलं नाही, ताई. त्यांना कोरडी हवा गेली, त्याने कफ वाळला. हवा दमट करायचं भांडं सर्जननी बंद करायला सांगितलं आणि मी केलं. सहा तास."

मुलीने बापाचा बांधलेला हात हातात घेतला.

"हे लिहून द्याल?"

बाईंनी खिशातून पेन काढलं आणि कागद मागितला.