चिंधी तिथे सरकी

सुंदराबाईचे पाय अंगणात नीट चालायचे, ओसरीवर नीट चालायचे, आणि दार आलं की जमिनीला चिकटायचे. मन म्हणायचं चल, पाय म्हणायचे थांब. पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली होती. हाताच्या थरथरीला तिनं कधी भीक घातली नाही. चहा सांडला तर म्हणायची, "मंग बशी काहाले असते?" पायांचं मात्र तिला फार झोंबायचं.

त्यात मागच्या वर्षी धामणगाव रेल्वे या गावी एका लग्नात फजिती झाली. हॉलच्या दारातच ती थिजली. मागे सगळं वऱ्हाड तुंबलं. शेवटी दोन पोरांनी बाह्या सारून तिला काखेत धरलं आणि सरकीचं पोतं ठेवावं तसं खुर्चीत नेऊन ठेवलं. कोणीतरी फिदीफिदी हसलं. घरी आल्यावर तिनं सुनेला, माधवीला, ठणकावून सांगितलं, "आता जिथं जाईन तिथं पायानं जाईन. उचलून नेलं तं मी येत नाई. मंग लगन कोणाचंबी असो."

आणि नेमकं लग्न निघालं ते अपेक्षाचं. एकुलती एक नात, आजीच्या मांडीवर वाढलेली. मुलाकडच्यांनी अकोल्याला हॉल घेतला होता. हातात दोनच महिने होते, आणि बोललेला शब्द मागे घेणं हे सुंदराबाईच्या रक्तात नव्हतं.

माधवीनं तिला तिवशाहून अमरावतीला नेलं. तिथली फिजिओथेरपीची रागिणी मॅडम म्हणजे जेमतेम तिशीची पोरगी. तिनं समजावलं, "आजी, तुमच्या पायांत ताकद आहे. मेंदूचा निरोप तेवढा वाटेत अडकतो. डोळ्याला खूण दिसली की पाय ऐकतात." मग तिनं फरशीवर पिवळ्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. एकेक पट्टी ओलांडत यायचं. बहुतेकांना हा उपाय लागू पडतो.

सुंदराबाईनं पाय उचलला, पट्टीवर नेला आणि परत जागेवर ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"काय झालं आजी?"

"तासावर पाय कसा देऊ व पोरी?"

रागिणीला काही कळेना. माधवी तोंडाला पदर लावून हसायला लागली. चाळीस वर्षं सुंदराबाई कपाशी लावणाऱ्या बायांची मुकादम होती. तास म्हणजे पेरलेली ओळ. तिच्यावर पाय पडला की बी दबतं, म्हणून तिनं गावातल्या झाडून सगळ्या बायांना शिव्या घातल्या होत्या. बाया म्हणायच्या, सुंदरीच्या तासावर पाय देण्यापेक्षा साप चावलेला बरा. आता तिचे पाय तिचंच ऐकत होते.

रागिणी पोरगी गुणाची. पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि स्टुलावर बसून तिनं विचारलं, "मग वावरात तुम्ही चालायच्या कशा?"

"दोरीच्या काठानं. दोघीजणी दोरी ताणून धरतेत. तीन-तीन फुटांवर चिंधी बांधेल असते. चिंधी तिथं सरकी. पाऊल टाकाचं, सरकी टाकाची."

पुढच्या खेपेला माधवीनं घरच्या माळ्यावरची लावणीची जुनी दोरी आणली. रागिणीनं दर दीड फुटावर लाल चिंधी बांधली आणि दोरी खोलीतून दारापलीकडे ताणली. सुंदराबाईनं नाक मुरडलं. "येवढी दाट? कपाशी लावून राहिली का ज्वारी? बोंडं धरतीन का असे?"

पण पाय निघाले. ओटीतून चिमटीनं नसलेली सरकी काढत, चिंधीगणिक टाकत, ती दारातून पार झाली. पलीकडे गेल्यावरच तिला कळलं की दार होतं. मग ती रडली, आणि रडताना लाजली नाही.

एकच खोट राहिली. वळताना पाय एकमेकांत गुंतायचे. रागिणी म्हणायची, "जागच्या जागी गरकन वळू नका. मोठा फेर घ्या." सुंदराबाई म्हणायची, "बैलजोडीवानी?" उपाय पटला होता, पण पाच वेळांतून तीनदा ती अडकायचीच.

लग्नाच्या दिवशी गोळी वेळेवर घेतली, पांढरं पातळ नेसली, आणि निघताना दोरीला मात्र साफ नाही म्हणाली. "लोकं काय म्हणतीन!" माधवी वाद घालत बसली नाही. तिनं दोरी गुपचूप पिशवीत कोंबली.

हॉलच्या दारात व्हायचं तेच झालं. पाय थिजले. समोर बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा, स्टेजवर अपेक्षा, आणि मागे वऱ्हाड तुंबायला लागलेलं. दोन दणकट पोरं बाह्या सारत पुढे आली. सुंदराबाईच्या डोळ्यांत पाणी भरलं. नातीच्या लग्नात पुन्हा पोतं व्हायचं होतं.

"थांबा रे!" तिच्या कपाशी लावणाऱ्या टोळीतली जुनी गंगूबाई पुढे झाली. माधवीच्या हातातून दोरीचं टोक हिसकून ती म्हणाली, "सुंदरे, ताणू का?"

उत्तराची वाट न पाहता टोळीतल्या बायांनी दोरी दारापासून स्टेजपर्यंत ताणली. दोरी ताणणं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. माधवीनं सासूच्या ओटीत उधळायला आणलेल्या फुलांच्या पाकळ्या ओतल्या. सुंदराबाईनं चिंधी पाहिली, पाऊल टाकलं, पाकळी टाकली. मग दुसरी, मग तिसरी. पाकळ्यांची ओळ काढत ती थेट नातीपुढे पोचली. अपेक्षा "आजी, आजी" म्हणत तिच्या गळ्यात पडली आणि दोघी मनसोक्त रडल्या.

कोणीतरी खुर्ची आणली. पण वावरात तास संपला की दोरी सरकते. गंगूबाईनं सवयीनं तीन फूट बाजूला सरून खणखणीत आरोळी दिली, "पलटा वोऽ!"

हॉल हसला. माधवी मात्र झटकन पुढे सरकली, कारण आता वळायचं होतं.

सुंदराबाईनं ओटीत पाहिलं. अर्धी भरलेली होती. अर्ध्यावर काम टाकून बसायची तिला सवय नव्हती. तिनं खुर्चीला वळसा घालून, बैलजोडी वळते तसा ऐसपैस फेर घेतला. पाय गुंतले नाहीत. समोर लाल चिंध्यांची दुसरी ओळ होती, आणि ओळीच्या मधोमध ती दोन दणकट पोरं तोंड उघडं टाकून उभी होती.

"सरका रे बाजूले," ती कडाडली, "तास तुडवून राहिले माहा!"

दोघंही टुणकन बाजूला झाली.