एका फुटाला एक फूट

हारुन मिस्त्रींनी चिमट्यात धरलेली पितळी तोफ छोट्या लाकडी गुराबीच्या नाळेमागे, जहाजाच्या पुढच्या टोकाशी, टेकवली, एक डोळा मिटून नेम पाहिला आणि पुन्हा उचलली. तोफेचं तोंड केसभर डावीकडे जात होतं. चाकाखालचा लाकडाचा तुकडा काढून त्यांनी तो कानशीवर हलकेच घासला, फुंकर मारली, परत बसवला.

कनीज चहाचा पेला घेऊन पडवीत आली. एरवी ती पेला दाराजवळच्या फळीवर ठेवून निघून जायची. रंधे, पटाशा, सरसाचं भांडं असल्या पसाऱ्यात ती कधी पाय घालत नसे. आज मात्र ती आत आली आणि पेला हातात तसाच धरून गुराबीवर ओणवी झाली.

"ह्यात माणसं कुठं निजायची?"

हारुननी वर पाहिलं. मुंबईच्या गोदीतलं सुतारकाम संपवून ते राजिवड्याला घरी आले, तेव्हापासून या पडवीतून अशी किती तरी नमुन्याची जहाजं तयार होऊन बाहेर गेली होती. पण जहाजाबद्दल कनीजने काही विचारावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"निजायची म्हणजे?"

"म्हणजे काय? एवढी माणसं असणार लढाईच्या जहाजावर. त्यांना अंग टाकायला जागा कुठं ठेवलीत?"

"वरच. डेकवर. मिळेल तिथं."

"आणि पाऊस आला की?"

ही गुराब मुंबईच्या एका संग्रहालयासाठी चालली होती. मराठ्यांच्या आरमारातली, दोन डोलकाठ्यांची. अर्ध्या इंचाला एक फूट या मापाने तिची प्रत्येक फळी त्यांनी कापली होती. तोफांचं वजन किती, दोर किती जाडीचे, सुकाणूला बिजागऱ्या कुठल्या धातूच्या, हे त्यांनी जुन्या नकाशांवरून आणि गलबतं हाकलेल्या म्हाताऱ्या तांडेलांना विचारून विचारून नक्की केलं होतं. माणसं कुठं निजतात हे कुठल्याच नकाशात नव्हतं, आणि ते शोधावं असं त्यांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

"तुम्हाला नाय ठाऊक," कनीज म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती.

त्यांचा एकुलता मुलगा फारुक तेलाच्या टँकरवर इंजिनखात्यात होता. इराण आणि इराकची लढाई पेटलेली, आणि आखातातून जाणाऱ्या जहाजांवर दोन्हीकडून मारा होत असे. राजिवड्यातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिकडे असल्यामुळे रेडिओवर बातम्या लागल्या की गल्ली चिडीचूप व्हायची. गेला पाऊस ओसरायच्या सुमाराला खबर आली. फारुकच्या जहाजाला मागल्या अंगाला क्षेपणास्त्र लागलं होतं. जे हाती लागलं ते तिकडच्याच मातीत पुरलं.

मग फारुकचा त्याच जहाजावरचा सोबती भागोजी भेटायला येऊन गेला. केळशीचा तरणा माणूस. ओटीच्या कडेला बसला आणि बसल्यापासून दोन्ही हात पंच्याखाली घेऊन राहिला. चहालाही त्याने हात बाहेर काढला नाही. "चाची, झोपेतच गेला तो," एवढं एक वाक्य त्याने खाली बघत सांगितलं. "धूर झाला. त्याला कायच समजलं नाय."

कनीजने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तेच सांगायची. झोपेत गेला माझा पोर.

हारुनना छळणारी गोष्ट वेगळी होती. ते जहाज बुडालंच नव्हतं. तेलाच्या टाक्यांना साधा पोचाही आला नव्हता. ओढून बंदरात नेलं, जळलेला भाग कापून काढला, नवा जोडला, आणि आता ते त्याच नावाने त्याच पाण्यातून तेल वाहत होतं. जहाज दुरुस्त होतं हे काय हारुनना माहीत नव्हतं? त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. मोडलेली फळी काढायची, नवी बसवायची, वरून रंगाचा हात द्यायचा. त्या फळीपाशी कोण उभं होतं, हे गोदीत कधी कुणी विचारत नसे.

"त्याचं जहाज करून द्या मला," कनीज म्हणाली.

हारुननी चिमटा खाली ठेवला.

"मी तसली जहाजं करत नाय."

"का?"

"त्यात करण्यासारखं काय असतं? लोखंडाचा लांब डबा. ना शीड, ना डोलकाठी."

"त्यात माझा पोर निजायचा."

ती पुढे बोलली तेव्हा गुराबीकडेच बघत होती. "मी त्याची कबर बघितली नाय. जहाजपण नाय बघितलं. डोळे मिटले की तुमचंच हे जहाज पुढं येतं. आणि ह्यात त्याला कुठं निजवू, ते समजत नाय."

पेला हत्यारांच्या मधेच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

चहावर साय धरली तरी हारुन तसेच बसून होते. मग त्यांनी तोफ पुन्हा चिमट्यात धरली, नेम पाहिला. आता ती अगदी सरळ होती. तिच्या तोंडापुढे पडवीची भिंत होती, आणि भिंतीवर फारुकचा सदरा अजून खुंटीला लटकत होता. त्यांनी तोफ काढली, कापसात गुंडाळून डबीत टाकली. त्या दिवशी आणखी काम झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

अखेर एका सकाळी कापडी पिशवीत फूटपट्टी, कागद आणि पेन्सिल घालून ते एस.टी.त बसले. खेडला गाडी बदलली, दापोलीला पुन्हा बदलली, आणि दिवस कलायच्या आत केळशीला पोचले.

भागोजी पडवीत बसला होता. शेजारी त्याची आई सुपाऱ्या सोलत होती, आणि तो नुसता बघत होता. हारुनना पाहून तो गडबडीने उठला. पंचा हाताशी नव्हता. दोन्ही तळव्यांची कातडी ताणून बसलेली, गुळगुळीत आणि गुलाबी. बोटं अर्धीच मिटत होती.

"चाचा, तुम्ही कशाला एवढी तंगडतोड केलीत? सांगावा धाडायचा, मी आलो असतो."

"जहाजाची मापं पायजेत. तुझ्या चाचीला करून द्यायचंय."

भागोजीला बरं वाटलेलं दिसलं. काहीतरी देता येण्याजोगं त्याच्यापाशी होतं. जहाज किती लांब, पाण्याखाली किती, धुराडं कुठं, हे त्याने भराभर सांगितलं. माणसांच्या खोल्या सगळ्या मागच्या अंगाला, इंजिनाच्या डोक्यावर. आई आत चहा टाकायला गेली. हारुन कागदावर रेघा मारत होते.

"फारुकची खोली?"

"खालच्या मजल्यावर. ही अशी."

"बिछाना कुठल्या भिंतीला?"

"आतल्या. पायथ्याशीच दार. उठून पाय खाली सोडला की दारातच."

"दाराबाहेर?"

"पॅसेज. दोन माणसं अंगाला अंग घासून जातील एवढा. डाव्या हाताला वर जायचा जिना."

"आणि उजव्या हाताला पॅसेज कुठवर?"

भागोजी आईने सोललेल्या सुपाऱ्यांकडे बघू लागला.

हारुननी पेन्सिल कागदावर टेकवलेलीच ठेवली. त्यांना फक्त माप हवं होतं. "उजव्या हाताला काय हाय, भागोजी?"

"लांब जातो पॅसेज. शेवटाला लोखंडी दार. भायेर उघडतं, मागच्या डेकवर."

"मग जीव वाचवायला तेच बरं."

"होय," भागोजी म्हणाला. "त्यालाबी तसंच वाटलं."

आत कपबशीचा आवाज झाला. भागोजीने एकदा तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"जिन्याकडं आग व्हती, चाचा. तो ह्या बाजूला पळाला. दार तापून वाकलेलं, जाम झालेलं. आमी भायेरून ओढत व्हतो. तो आतून ठोकत व्हता." त्याने हात मांडीवर उताणे ठेवले. "आमी सोडलं नाय दार. तो ठोकायचा थांबला तरी सोडलं नाय."

हारुननी पेन्सिल पिशवीत ठेवली. मग ते हात आपल्या हातांत घेतले आणि चहा येईपर्यंत तसेच धरून बसले. दाराची रुंदी त्यांनी विचारली नाही.

"चाचीला सांगू नका," हारुन निघताना भागोजी म्हणाला. त्यांनी शब्द दिला.

घरी आल्यावर ते कागद पुढ्यात घेऊन बसले. नेहमीच्या मापाने फारुकचा बिछाना जेमतेम तीन इंचांचा होत होता. आगपेटीएवढ्या जागेत कनीज काय बघणार? पडवीतून त्यांची नजर अंगणाकडे गेली. कनीजने ते आदल्याच दिवशी सारवलं होतं.

सकाळी त्यांनी खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या, गुण्या लावून कोपरे काटकोनात घेतले. मग डब्यातून चुन्याची फक्की सोडत सुतळीच्या कडेने ओणव्याने सरकू लागले. घराचा पाया आखावा तसं. जन्मात पहिल्यांदा ते एका फुटाला एक फूट या मापाने काम करत होते. खोली झाली. खोलीत आतल्या भिंतीला बिछाना झाला. पायथ्याशी दार, दाराबाहेर पॅसेज. डाव्या हाताला जिन्याच्या पायऱ्या. उजवीकडे पॅसेज अंगण ओलांडून थेट फणसाखालच्या दगडी गडग्यापर्यंत गेला. तिथं पोचल्यावर हारुन थांबले. मग त्यांनी फक्कीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढून तो पॅसेज बंद केला. त्यांच्या हातून एवढी जाड रेघ कधी पडली नव्हती.

"कनीज," त्यांनी हाक मारली. "ये."

ती पदराला हात पुसत आली. पायरीवरून तिने सगळं अंगण एका नजरेत पाहिलं. हारुन सांगू लागले. ही त्याची खोली. एवढीच. हे कपाट असावं. हा बिछाना.

"चपला काढू?" तिने विचारलं.

"काढ."

ती दारातूनच आत गेली, रेघ ओलांडून नाही. बिछान्याच्या रेघांत बसली. मग हळूच कुशीवर आडवी झाली आणि गालाखाली हात घेतला. हारुन जिन्याच्या पायऱ्यांपाशी उभे होते. सूर्य बराच वर आला होता. गल्लीतून मासळीवाली ओरडत गेली. कनीजने डोळे मिटले होते आणि तिचा चेहरा त्या खबरेनंतर पहिल्यांदाच जरा सैल पडला होता. झालं, हारुनना वाटलं. एवढंच हवं होतं तिला.

मग तिने डोळे उघडले. पडल्या पडल्याच हात लांब करून तिने दाराच्या फटीत ठेवला.

"दार एवढं जवळ?"

"होय."

"त्याची झोप सावध," ती उठून बसत म्हणाली. "मी बाजूच्या खोलीत भांडं उचललं तरी तो विचारायचा, आई, काय झालं."

हारुन खाली वाकून सुतळी गुंडाळू लागले.

कनीज उठली. दारातून बाहेर पडली आणि पॅसेजमध्ये उभी राहिली. डावीकडे वळून तिने जिन्याकडे पाहिलं, मग हारुनकडे. ती उलटी फिरली. दोन्ही रेघांच्या मधून, कुठल्याच रेघेला पाय लागू न देता, ती गडग्याच्या दिशेने चालत गेली. हारुनच्या हातातली सुतळी गुंतली.

पॅसेज संपला तिथं ती थांबली.

"इथं काय हाय?"

"भिंत."

कनीजने पायाजवळच्या जाड रेघेकडे पाहिलं. वळून, चालून आलेल्या लांब वाटेकडे पाहिलं. एवढी वर्षं या सुताराच्या घरात काढलेली बाई होती ती.

"भिंतीपाशी जायला एवढी लांब वाट कोण ठेवतं?"

हारुन खरं बोलायला गेले असते तर भागोजीला दिलेला शब्द मोडला असता, आणि खोटं बोलायला गेले असते तर तिने ते ओळखलं असतं. सुतळी टाकून ते अंगणाच्या कडेकडेने, रेघांच्या बाहेरून, गडग्याशी आले. तिच्या समोर, रेघेच्या पलीकडे, गुडघ्यांवर बसले. दाराची रुंदी त्यांना माहीत नव्हती. त्यांनी ती अंदाजाने धरली आणि तळहाताने चुना पुसायला सुरुवात केली. जाड पडलेली रेघ लवकर जाईना. शेणाने सारवलेली जमीन खरवडून निघाली तरी ते पुसत राहिले, एक माणूस बाहेर पडू शकेल एवढी जागा मोकळी होईपर्यंत.

कनीज बाहेर आली नाही. तिथंच आत खाली बसली, आणि पांढरे झालेले त्यांचे हात बघत राहिली.